दाराशी न आलेले विद्यापीठ

“एम. ए. करून पुढे काय?” हा प्रश्न कल्याण पूर्वेच्या कोळसेवाडीत किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटच्या मागे वसलेल्या वस्तीत दलित विद्यार्थ्याला प्रथम विचारतो तो त्याचा बाप. हा बाप शिक्षणाचा शत्रू नसतो. त्याच्या घरात बाबासाहेबांची तसबीर असते आणि मुलाने शिकावे म्हणून त्याने दोन-दोन पाळ्या केलेल्या असतात. तरीही बी. ए. झालेल्या मुलाने इतिहासात किंवा मराठीत एम. ए. करतो म्हटले की तो गप्प होतो. त्याच्या या गप्प बसण्याचा अर्थ आपले शिक्षणतज्ज्ञ लावतात तो असा : ‘मागासवर्गीयांना मानव्यविद्यांची गोडी नाही, त्यांना नोकरीशी मतलब.’ हा अर्थ चुकीचा आहे, एवढेच नव्हे तर तो सोयीचा आहे. त्या बापाच्या प्रश्नाला इतिहास आहे. तो नीट पाहिल्याशिवाय पदव्युत्तर शिक्षणाच्या पुनर्रचनेची जी चर्चा चालते ती आपल्या काही कामाची नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. ज्या विद्यापीठाच्या नावाने आपण आज पदव्या घेतो ते पहिली कित्येक दशके शिकवीतच नव्हते. परीक्षा घेणे आणि पदव्या वाटणे एवढाच त्याचा उद्योग. शिकवायचे ते महाविद्यालयांनी, आणि महाविद्यालये कोणाच्या मुलांनी भरलेली होती हे सांगायला नको. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी नेमके यावरच बोट ठेवले. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, आणि त्यातून उच्च शिक्षण मिळते ते वरच्या वर्गाच्या मुलांना. म्हणून सरकारने आपले लक्ष आणि पैसा बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे वळवावा, असा त्यांचा आग्रह होता. फुले उच्च शिक्षणाच्या विरुद्ध होते असा अर्थ काही विद्वानांनी यातून काढला आहे. त्यांचा विरोध होता तो एकाच्या खर्चाने दुसऱ्याने शिकण्याला आणि शिकल्यानंतर त्या पहिल्याला विसरण्याला.

मराठीची गोष्टही याच काळातली. मुंबई विद्यापीठात देशी भाषांना मानाची जागा नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी अखेरच्या वर्षांत खटपट केली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीला एम. ए.च्या परीक्षेत प्रवेश मिळाला. म्हणजे ज्या भाषेत ठाणे जिल्ह्यातला कुणबी, महार, आगरी, कोळी बोलतो आणि रडतो, ती विद्यापीठाला विद्या म्हणून मान्य व्हायलाच चार दशकांहून अधिक काळ गेला. ती मान्य झाली तेव्हाही तिचे जे रूप वर्गात शिरले ते संतपंडितांचे आणि बखरकारांचे होते; वस्तीतल्या बोलण्याला तेथे मज्जाव होता. रानड्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांच्या डोळ्यापुढे जो मराठी वाचक होता त्यात आपण नव्हतो.

हा सांगाडा मोडण्याचा पहिला गंभीर विचार बाबासाहेबांनी मांडला. १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. तिच्या प्रश्नावलीला बाबासाहेबांनी दिलेले उत्तर आपल्याकडे फारसे वाचले जात नाही. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिर, पुणे करार यांच्या गर्दीत ते मागे राहिले. त्यात त्यांनी दोन मुद्दे स्पष्ट केले आहेत. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती आणि सिद्धांत कोंबणे हे विद्यापीठाचे काम नाही. त्याची स्वतःची विचारशक्ती जागी करणे आणि अधिकारी मानल्या गेलेल्या ग्रंथकारांची चिकित्सा करण्याची त्याला सवय लावणे हे ते काम. दुसरा मुद्दा आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. पदव्युत्तर काम विद्यापीठाने स्वतःकडे घ्यावे आणि पदवीपूर्व शिकवणी महाविद्यालयांवर सोडावी, ही फाळणी त्यांना मान्य नव्हती. अशाने संशोधन आणि अध्यापन एकमेकांपासून तुटतील आणि दोन्ही दुबळी होतील, असे त्यांनी बजावले. पुढे १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना त्यांनी याच विचाराला सामाजिक टोक दिले : सर्वांत वरचे शिक्षण गरजू आणि गरीब माणसाच्या दारापर्यंत नेऊन पोचविणे हे विद्यापीठाच्या मूलभूत कामांपैकी एक आहे. शब्द माझे आहेत, पण ‘दारापर्यंत’ ही कल्पना त्यांची आहे.

विद्यापीठाचा कायदा १९२८ साली झाला आणि मुंबई विद्यापीठ शिकविणारे विद्यापीठ बनले. पण फाळणी मात्र झालीच. एम. ए.चे खरे केंद्र आधी फोर्टमध्ये राहिले आणि नंतर कालिन्याच्या विद्यानगरीत गेले. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर येथे बी. ए.पुरती महाविद्यालये आली तीही स्वातंत्र्यानंतर, आणि बदलापूरला तर फारच उशिरा.

येथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९४२ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला सादर केले, त्यात कला आणि कायदा या शाखांच्या शिक्षणाचा अनुसूचित जातींना फारसा उपयोग नाही, त्यांना उपयोगी पडेल ते विज्ञान आणि तंत्रज्ञानातले वरच्या दर्जाचे शिक्षण, असे त्यांनी लिहिले आहे. आज ‘आर्ट्‌स कशाला करतोस’ असे म्हणणाऱ्या आपल्याच माणसांना हे निवेदन दाखविले तर ते म्हणतील, बघा, खुद्द बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे!

ते निवेदन सरकारी तिजोरीपुढे केलेली मागणी आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. विज्ञान-तंत्रज्ञानाचे शिक्षण अस्पृश्यांच्या ऐपतीबाहेर होते, म्हणून सरकारने तेथे हात दिला पाहिजे, हा त्यातला युक्तिवाद आहे. त्याच प्रयत्नांतून १९४४ पासून केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि अनुसूचित जातींची काही मुले परदेशी शिकायला गेली. आणि बाबासाहेबांनी स्वतः त्या दशकात काय केले? १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते’ या प्रश्नावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरचा. हे दोन्ही ग्रंथ इतिहासाचे आहेत. त्याच १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले तेव्हा त्यात कला शाखा होती. १९५० सालच्या औरंगाबादच्या महाविद्यालयातही होती. म्हणजे बाबासाहेबांचा रोष होता तो कारकून घडविणाऱ्या बी. ए.वर. चिकित्सा शिकविणाऱ्या मानव्यविद्येवर त्यांनी आपले स्वतःचे आयुष्य लावले होते. माझ्या मते या दोन विधानांत विरोध नाही, पण ताण आहे, आणि तो ताण आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरात आजही चालू आहे. बाप १९४२ चे निवेदन बोलतो आणि मुलगा १९४६ चा ग्रंथ हातात धरून उभा असतो.

पदव्युत्तर वर्गातून काय निर्माण होऊ शकते याचे उदाहरण बाहेर शोधायला नको. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. १९१५ साली तो एम. ए. झाला. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्याने भारतातील जातींवर एक निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला. जातीची यंत्रणा स्त्रीच्या शरीरावरील नियंत्रणातून, सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांतून कशी उभी राहते, ही त्यातली मांडणी शंभर वर्षांनंतरही जुनी झालेली नाही. हा निबंध म्हणजे पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने चर्चासत्रासाठी लिहिलेला पेपर आहे! आमच्याकडे एम. ए.चा विद्यार्थी अंतर्गत गुणांसाठी जो ‘प्रकल्प’ बाइंडिंग करून देतो, त्याच जातीची वस्तू. फरक एवढाच की त्या वर्गात कोणी त्याला म्हणाले नाही, ‘हा विषय तुझ्या समाजाचा आहे, तू तटस्थ राहू शकणार नाहीस.’

हे वाक्य मी ऐकलेले आहे. कोणी, कोठे, ते सांगण्यात स्वारस्य नाही, कारण ते एका माणसाचे वाक्य नाही. जमीनदाराच्या नातवाने पेशवाईवर प्रबंध लिहिला तर त्याला ‘घरची साधने उपलब्ध होती’ असे म्हणतात; महाराच्या नातवाने वतनावर लिहायचे म्हटले की तटस्थतेचा प्रश्न निघतो.

आता ठाणे-कल्याणकडे येऊ. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली, दुसऱ्या वर्षी ती कल्याणला पोचली, आणि कल्याणचे नशीब रुळांना बांधले गेले. रेल्वेच्या शेड, अंबरनाथचा दारूगोळ्याचा सरकारी कारखाना, विमकोची काडेपेटी, शहाडची सेंच्युरी रेयॉन, मोहन्याची एन. आर. सी., ठाण्याची वागळे इस्टेट : या सगळ्यांनी देशावरून आणि कोकणातून माणसे ओढून आणली. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर नाव मिळाले. गाव सोडून आलेल्या दलितांनी नाल्यांच्या काठाने आणि रुळांच्या कडेने घरे बांधली. १९५६ नंतर या वस्त्यांत विहारे उभी राहिली. या माणसांची दुसरी पिढी मॅट्रिक झाली तेव्हा महाविद्यालये जवळ येऊ लागली होती : उल्हासनगरचे चांदीबाई महाविद्यालय १९६५ साली, ठाण्याचे जोशी-बेडेकर १९६९ साली, कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ साली. ही घटना लहान नाही. कल्याणच्या मुलाला बी. ए.साठी आता मुंबई गाठावी लागत नव्हती. पण त्याआधीच्या पिढीचा नोकरदार विद्यार्थी पहाटेची लोकल पकडून फोर्टात सिद्धार्थच्या सकाळच्या वर्गाला बसत होता आणि तेथून कचेरीत जात होता. महाविद्यालयाची वेळ नोकरी करणाऱ्याच्या सोयीने ठरवावी, ही बाबासाहेबांची साधी दृष्टी होती. नंतरच्या महाविद्यालयांनी कल्याणच्या मुलाचे अंतर कमी केले खरे, पण वेळेचा प्रश्न तसाच ठेवला. एम. ए.साठी तर अंतरही तसेच राहिले. कल्याणहून कुर्ला, कुर्ल्याहून बस, आणि दुपारी एखादा तास रद्द झाल्याची चिठ्ठी फळ्यावर. पत्रद्वारा शिक्षणाची योजना मुंबई विद्यापीठाने १९७१ साली काढली. तिने अनेकांना, विशेषतः लग्न झालेल्या बायकांना, पदवी मिळवून दिली. पण चर्चासत्र पोस्टाने येत नाही.

या काळात आपल्या इतिहासाचे संशोधन थांबले होते काय? मुळीच नाही. ते विद्यापीठाबाहेर चालले होते, आणि ते कोणी केले हे पाहण्यासारखे आहे. चांगदेव भवानराव खैरमोडे सचिवालयात नोकरी करीत होते. बाबासाहेबांच्या चरित्राचा त्यांचा पहिला खंड १९५२ साली निघाला आणि त्यांच्या निधनानंतरही खंड निघत राहून बारा झाले. पत्रे, कात्रणे, आठवणी त्यांनी आयुष्यभर साठविल्या. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड महाराष्ट्र सरकारने १९७९ पासून काढले; त्यांचे संपादक वसंत मून महसूल खात्यातले अधिकारी. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास कोणत्याही इतिहास विभागाने लिहिला नाही. तो ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव, वस्तीवस्तीत हिंडून, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या तोंडून उतरवून घेतला आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ या नावाने प्रसिद्ध केला. ऊर्मिलाताई सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करीत होत्या आणि संसार सांभाळून त्यांनी मराठीत एम. ए. केले. या तिन्ही कामांपैकी कोणतेही काम कोणत्याही विद्यापीठाच्या पीएच. डी.ला लाज आणील असे आहे. आणि आज त्यांचा आधार घेऊनच पीएच. डी. होतात.

याचे कौतुक आपण पुष्कळ करतो, पण त्यामागची किंमत मोजत नाही. खैरमोड्यांना साहाय्यक नव्हता. मुलाखती घेणाऱ्या दोघींना प्रवासभत्ता नव्हता. त्यांच्यासारखे आणखी किती जण कचेरीच्या वेळेपुढे हरले याची नोंद कोठे असणार? सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली उकरून काढणारे भगवानलाल इंद्रजी हेही महाविद्यालयाचे तोंड न पाहिलेले गृहस्थ होते. त्यांना नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. म्हणजे पदवीविना विद्वान होता येते, हे खरेच. पण हे अपवाद पुढे करून बाकीच्यांना वर्गाबाहेर ठेवणे हा जुनाच डाव आहे. एकलव्याची गोष्ट सांगून द्रोणाची फी माफ होत नसते.

आता अलीकडचा भाग. तो थोडक्यात सांगतो, कारण वाचकांपैकी बहुतेक जण तो भोगत आहेत. २००१ साली राज्य सरकारने नव्या महाविद्यालयांसाठी ‘कायम विनाअनुदानित’ हे धोरण घेतले. अनुदान नाही म्हणजे शुल्कावर चालायचे, आणि शुल्कावर चालायचे म्हणजे बाजारात खपेल तेच शिकवायचे. त्यामुळे व्यवस्थापन, माहिती तंत्रज्ञान आणि लेखाकर्म यांचे वर्ग वाढले. इतिहास, तत्त्वज्ञान आणि मराठीचे जे वर्ग आहेत त्यांत शिकविणारे अनेक जण तासिका तत्त्वावर. तासाला ठरलेली रक्कम, सुट्टीत उपाशी. एम. ए., सेट-नेट, पीएच. डी. करून चाळिशी गाठलेला आपला माणूस सकाळी कल्याणला, दुपारी उल्हासनगरला आणि संध्याकाळी भिवंडीला तास घेतो. त्याच्याकडून विद्यार्थ्याला संशोधनाची प्रेरणा मिळावी अशी अपेक्षा करणारे लोक धन्य आहेत! ‘पुढे काय?’ विचारणारा बाप याच मास्तरला रोज स्टेशनवर पाहत असतो.

मुंबई विद्यापीठाने ठाण्याला आणि कल्याणला उपकेंद्रे काढली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ठाणे शहरात सुमारे १८ लाख आणि कल्याण-डोंबिवलीत सुमारे साडेबारा लाख माणसे होती. विद्यापीठ दाराशी यावे अशी ही वस्ती आहेच. पण आले ते कोणते विद्यापीठ? ठाण्याच्या उपकेंद्रात पहिला मान मिळाला व्यवस्थापन आणि कायद्याच्या एकात्मिक अभ्यासक्रमांना. कल्याणच्या उपकेंद्राचे नावच ‘स्कूल ऑफ इंजिनिअरिंग अँड अप्लाइड सायन्सेस’ आहे. ती शिक्षणेही आपल्या मुलांना हवीत, याबद्दल दुमत नाही. १९४२ चे निवेदन मी विसरलेलो नाही. परंतु उंबरठ्यावर आलेल्या विद्यापीठाने इतिहास, समाजशास्त्र आणि मराठी यांना मात्र कालिन्यातच ठेवले, ही निवड आपोआप झालेली नाही.

आणि याच सुमारास दिल्लीत काय घडले ते पाहा. अनुसूचित जातींसाठी परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालत आलेली आहे. २०२२ साली तिच्या नियमावलीत अशी अट आली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय घेऊन जाणाऱ्याला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. समर्थन असे केले गेले की या विषयांचे ज्ञानभांडार भारतातच आहे, त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. ९ मे १९१६ चा तो निबंध ही अट लागू असती तर सरकारी पैशाने लिहिलाच गेला नसता. बरे, ज्ञानभांडार येथे आहे हे मान्य करू. मग येथे ते शिकण्यासाठी पैसा द्या! २०२३ साली पुण्याच्या बार्टीच्या संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी २०२१ च्या तुकडीतले विद्यार्थी आझाद मैदानावर आठवड्यांमागून आठवडे बसले होते. जागा २०० आणि पात्र ठरलेले ८६१, एवढाच वाद. तिकडे जाऊ नका, आणि इकडे जागा नाही. याला मानव्यविद्यांचे धोरण म्हणतात.

असे असले तरी दोष सगळा सरकारवर आणि विद्यापीठावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या मुलांनी गेल्या काही दशकांत जे प्रबंध लिहिले त्यांच्या शीर्षकांवरून नुसती नजर फिरवावी. ‘अमुक यांचे आत्मकथन : एक चिकित्सक अभ्यास’, ‘तमुक यांच्या कवितेतील विद्रोह’. दलित साहित्य अभ्यासक्रमात यावे म्हणून आपण भांडलो. नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत माणसे मेली, घरे जळाली. विद्यापीठाच्या पाटीवर नाव आले. पण त्या पाटीखाली बसून आपण विद्रोहाची प्रश्नोत्तरे लिहू लागलो. पाच-सहा आत्मकथने पुन्हा पुन्हा दळली गेली, आणि ज्या वस्तीत राहून विद्यार्थी ती वाचतो त्या वस्तीचा एक कागदही कोणी जपून ठेवला नाही. मार्गदर्शक म्हणाले तो विषय घेतला, ग्रंथालयात मिळाले ते वाचले, नोकरीच्या मुलाखतीला उपयोगी पडेल एवढे लिहिले. याला दारिद्र्य हे कारण आहे, तसेच आळसही आहे.

ठाणे-कल्याणात इतिहास कमी आहे असे तर कोणी म्हणू शकणार नाही. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. त्यांत व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहार आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणचा लोहार बौद्ध संघाला दान देतो आणि आपला धंदा दगडावर कोरून ठेवतो, ही गोष्ट कल्याणच्या शाळेत कोणत्या मुलाला सांगितली जाते? त्याला सांगतात ती सुभेदाराच्या सुनेची गोष्ट. जवळच लोनाडची बौद्ध लेणी आहेत. महाडच्या सत्याग्रहानंतर थोड्याच दिवसांत, १९२७ सालीच, बदलापूरच्या शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्ष बाबासाहेब होते. त्या गावात त्या वेळी कोण कोण त्या मंडपात बसले आणि कोण बसले नाही, हा एम. ए.च्या एका विद्यार्थ्याचा दोन वर्षांचा विषय आहे. प्रल्हाद शिंदे कल्याणात राहिले. विठ्ठलाची गाणी आणि भीमाची गाणी एकाच गळ्यातून एकाच वेळी का आणि कोणासाठी निघत होती, याचा अभ्यास संगीतवाल्यांनी केला नाही आणि साहित्यवाल्यांनीही केला नाही. मोहन्याची एन. आर. सी. २००९ साली बंद पडली तेव्हा तेथील कामगारांच्या युनियनची कागदपत्रे, वस्तीतल्या विहाराचे वर्गणीचे हिशेब, जयंतीच्या मिरवणुकीच्या परवानग्या हे सारे कोणाच्या तरी माळ्यावर होते.

अशा कामाला पदवी मिळाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. मुलाखत उतरविणे, वस्तीतले दप्तर लावणे, त्याची सूची करणे, या गोष्टींना लेखी परीक्षेइतके गुण हवेत. नोकरी करणाऱ्यांसाठी वर्ग सकाळी सात वाजता किंवा संध्याकाळी हवेत, आणि तेही कल्याणात. प्रबंध मराठीत लिहिला म्हणून तो दुय्यम ठरू नये, आणि इंग्रजी वाचता यावे म्हणून दोन वर्षे नेटाने शिकवावे. बाबासाहेब इंग्रजीला घाबरले नाहीत आणि मराठी वृत्तपत्र काढायला लाजलेही नाहीत. प्रबंधाची एक प्रत विद्यापीठाच्या कपाटात जाते तशी दुसरी प्रत गावच्या वाचनालयात गेली पाहिजे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली केवळ मराठी ग्रंथांसाठी स्थापन झाले. त्यांच्या स्थापनेत आपले लोक नव्हते हे खरे, म्हणून त्यांच्या कपाटांवर आपला हक्क नाही असे होत नाही. ठाण्यात २०१० च्या डिसेंबरात भरलेल्या ८४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष उत्तम कांबळे होते. २०१७ साली डोंबिवलीत ९० वे संमेलन झाले. मंडप उभारण्याइतका उत्साह या शहरांत आहे. त्यातला थोडा पैसा दोन अधिछात्रवृत्त्यांना लावता आला असता, पण ते मंडपाइतके दिसले नसते.

प्रबंधाची तोंडी परीक्षा वस्तीत घ्यावी, असेही मला वाटते. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापुढे ते वाचून दाखवावे आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत. पुष्कळ प्राध्यापकांना हे पोरकट वाटेल. मला त्यात भीतीही वाटते, कारण वस्तीला आपली स्तुती ऐकायला आवडते आणि खरा इतिहास नेहमीच स्तुतीचा नसतो. पोटजातींचे भांडण, विहाराच्या जागेवरून झालेली मारामारी, चळवळीत बायकांना मागे बसविणे, हे लिहिणाऱ्या मुलाला कोणी संरक्षण द्यायचे? तेथे विद्यापीठाने त्याच्या पाठीशी उभे राहावे लागेल. तटस्थतेचा उपदेश करणाऱ्यांनी खरे तर ही जबाबदारी घ्यायची असते.

काही वर्षांपूर्वी कल्याण पूर्वेला रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध कार्यकर्त्याच्या घरी मी गेलो होतो. खाटेखाली पत्र्याची पेटी होती. १९५६ नंतरच्या सभांची हस्तपत्रके, वर्गणीच्या पावत्या, समता सैनिक दलाच्या हजेरीची एक वही. मी वर्गात मुलांना सांगितले. एक मुलगी तयार झाली. तिचा बाप कंत्राटी सफाई कामगार आणि ती स्वतः दुकानात कामाला. सुट्टी फक्त सोमवारी. विषय मंजूर होईपर्यंत दोन सत्रे गेली. मंजुरीच्या बैठकीत कोणी तरी विचारले, या साधनांची विश्वसनीयता काय? ती पेटी पाहायला गेली तेव्हा म्हातारबाबा वारले होते आणि घर पुनर्विकासाला गेले होते. सुनेने सांगितले, सामान हलवताना कागद रद्दीवाल्याला दिले. पेटी मात्र ठेवली होती. तिच्यात आता तांदूळ होते.